मधल्या मुक्कामाचे घर

श्रोतेहो, दारू सुटणे आणि दारू सुटलेली राहणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला आठवडा-दोन आठवडे पुरतात. दुसरीला वर्षे लागतात. आपल्या गावात एखादा गडी व्यसनमुक्तीच्या उपचाराला जातो, महिना-सव्वा महिन्याने परत येतो. अंगावर थोडे मांस चढलेले असते, डोळे निवळलेले असतात, हाताचा कंप गेलेला असतो. घरची माणसे देवापुढे नारळ फोडतात. आणि मग एका बाजारच्या दिवशी तो पुन्हा झोकांड्या खात घरी येतो. गाव लगेच निकाल देऊन मोकळे होते : कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच!

ही म्हण खरी की खोटी, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे असे समजा. मी इतिहासाचा विद्यार्थी. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मी उपदेशाने न देता इतिहासाने देणार आहे. गेल्या सव्वादोनशे वर्षांत अमेरिकेत या एका प्रश्नावर अनेकांनी अनेक प्रयोग केले. काही फसले, काही भलत्याच वाटेला गेले, एखादा मात्र उत्तम साधला. तो इतिहास पाहिला म्हणजे असे दिसते की, शेपूट वाकडे राहिले याचा दोष सगळा शेपटाला देता येत नाही. नळी फार लवकर काढली आणि पुढचा विचारच कोणी केला नाही, असे पुष्कळदा घडलेले आहे.

भातशेती करणाऱ्या मंडळींना हे सांगायला नको. रोप तरव्यात वाढते तेव्हा हिरवेगार असते. ते उपटून चिखलात लावले की चार-आठ दिवस पिवळे पडते, माना टाकते. शेतकरी त्याला 'रोप मेले' म्हणत नाही. तो पाणी राखतो आणि रोप धरण्याची वाट पाहतो. इस्पितळातून बाहेर आलेला माणूस हा असाच नुकता लावलेला असतो. इस्पितळात त्याच्या भोवती भिंत होती, डॉक्टर होते, खिशात पैसा नव्हता. बाहेर पाऊल टाकताच तेच दोस्त, तीच देणी, तोच पगाराचा दिवस आणि तीच रिकामी संध्याकाळ. या दोहोंच्या मध्ये त्याला काही महिने राहता यावे, कामधंदा करता यावा, पण एकटे पडू नये, यासाठी जे घर असते त्याला इंग्रजी मुलखात 'हाफवे हाउस' म्हणतात. आपण त्याला मधल्या मुक्कामाचे घर म्हणू.

या कल्पनेचे बीज फार जुने आहे. अमेरिकेच्या १७७६ सालच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांत फिलाडेल्फियाचे एक वैद्य होते, डॉ. बेंजामिन रश. १७८४ साली त्यांनी कडक दारूच्या दुष्परिणामांवर एक निबंध छापला. दारूबाजी हा नुसता दुर्गुण नसून एक रोग आहे आणि रोग म्हटला की त्यावर उपाय शोधला पाहिजे, असा विचार त्यांनी मांडला. पुढे १८१० च्या सुमारास त्यांनी सुचवले की, अशा माणसांना तुरुंगात किंवा रस्त्यावर न ठेवता त्यांच्यासाठी वेगळे 'शुद्धीचे घर' असावे. डॉक्टरसाहेब १८१३ साली वारले. घर काही त्यांच्या हयातीत उभे राहिले नाही. पण दारूड्याला घर लागते ही गोष्ट प्रथम बोलून दाखवण्याचा मान त्यांच्याकडे जातो.

पुढची हालचाल वैद्यांकडून झाली नाही, खुद्द पिणाऱ्यांकडून झाली. १८४० सालच्या एप्रिल महिन्यात बाल्टिमोर शहरातल्या एका गुत्त्यात नेहमीचे सहा गडी बसले होते. त्यांनी त्याच गुत्त्यात बसून ठरवले की, आजपासून आपण दारू सोडायची. जॉर्ज वॉशिंग्टनने देशाला इंग्रजांपासून सोडवले, आपण स्वतःला बाटलीपासून सोडवू, अशा भावनेने त्यांनी आपल्या मंडळीला वॉशिंग्टनचे नाव दिले. त्यांची पद्धत अगदी साधी होती. कोणी पंडित व्याख्यान देत नसे. एकेक जण उठून आपली कहाणी सांगे : मी कसा प्यालो, काय गमावले आणि आता कसा राहतो. ऐकणाऱ्यातल्या पिणाऱ्याला वाटे, हा तर माझेच सांगतो आहे. वाऱ्यावर ठिणगी पसरावी तशी ही चळवळ पसरली आणि दोन-तीन वर्षांत लाखो माणसांनी शपथा घेतल्या. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला अब्राहम लिंकन त्या वेळी तरुण वकील होता. १८४२ सालच्या २२ फेब्रुवारीला त्याने स्प्रिंगफील्ड गावी या मंडळीपुढे भाषण केले. आपण कधी पडलो नाही याचा फार अभिमान कोणी बाळगू नये. आपल्याला ती ओढ नव्हती एवढेच त्याचे कारण असेल, आपले मन काही त्यांच्याहून मोठे नाही, अशा आशयाचे तो बोलला. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

परंतु श्रोतेहो, शपथ घेणे सोपे आणि शपथेनंतरची रात्र अवघड. शपथ घेतलेल्यांपैकी कित्येकांना झोपायला जागा नव्हती. बॉस्टनमध्ये या मंडळींनी आपल्या सभागृहाच्या खालच्या खोल्यांत अशांची सोय केली. ती चळवळ दहा वर्षांच्या आत ओसरली, कारण तिला घडी नव्हती, नियम नव्हते, राजकारणाचे वारेही आत शिरले. पण त्या तळघरातल्या खोल्यांची आठवण राहिली. १८५७ साली बॉस्टनला आणि १८६३ साली शिकागोला या मंडळींच्या नावाची घरे निघाली. तिथे पहारेकरी थोडे आणि सोबती अधिक असत.

याच सुमारास दुसऱ्या एका मोठ्या प्रयोगाला सुरुवात झाली. न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन येथे डॉ. जोसेफ एडवर्ड टर्नर यांच्या खटपटीने दारूड्यांसाठी राजवाड्यासारखे भव्य दगडी इस्पितळ बांधले गेले. ते १८६४ साली उघडले. थोर लोकांनी पैसे दिले, सरकारने कायदा केला. पण चालवणाऱ्यांत भांडणे झाली, माणसांना कोंडून ठेवावे की मोकळे सोडावे याचा घोळ मिटेना, आणि वीस वर्षेही पुरी व्हायच्या आत ती इमारत मनोरुग्णांच्या इस्पितळाकडे गेली. पाहा, बॉस्टनचे तळघर लहान होते आणि बिंगहॅम्टनचा वाडा मोठा होता. परंतु पुढच्या काळाने धडा घेतला तो तळघरापासून.

विसाव्या शतकात अमेरिकेने आणखी एक उपाय करून पाहिला. १९२० साली साऱ्या देशात दारूबंदी आली आणि १९३३ साली ती उठली. त्या भानगडीत शिरायला आज वेळ नाही. दारूबंदी उठल्यानंतर दोनच वर्षांनी, १९३५ साली, ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी दोन माणसांची गाठ पडली. एक होता न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात वावरणारा बिल विल्सन आणि दुसरा होता शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर बॉब स्मिथ. दोघेही पक्के पिणारे. विल्सनने दारू सोडून काही महिने झाले होते; धंद्याच्या कामात अपयश आले आणि परगावी एकटा असताना त्याला पिण्याची ओढ लागली. स्वतःला वाचवायचे तर दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्याशी बोलले पाहिजे, एवढे त्याला कळले. त्या बोलण्यातून दोघेही तगले. डॉक्टर बॉबने शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ हा दिवस 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या निनावी मंडळीचा जन्मदिवस मानला जातो.

यातला आपल्या विषयाचा भाग वेगळाच आहे. विल्सन आणि त्याची पत्नी लोइस यांनी ब्रुकलिनमधल्या आपल्या राहत्या घरात पिणाऱ्यांना ठेवून घेतले. त्यांना फुकट जेवण दिले, फुकट अंथरूण दिले. लोइसबाई बिचाऱ्या नोकरी करून हा संसार ओढीत. आणि फळ काय मिळाले? त्या घरात राहून गेलेल्यांपैकी फारच थोडे सावरले, असे विल्सनने पुढे स्वतःच सांगितले. आता हे कोडे आहे. प्रेम होते, अन्न होते, छप्पर होते, मग उणे काय पडले? या कोड्याचे उत्तर मिळायला आणखी चाळीस वर्षे लागली. ते पुढे येईल.

मध्यंतरी मिनेसोटा राज्यात १९४९ साली सेंटर सिटी या खेड्याजवळच्या एका शेतावरच्या घरात 'हेझल्डन' नावाचे उपचारकेंद्र निघाले. थोड्याच दिवसांत चालकांच्या लक्षात आले की, उपचार संपले तरी काही माणसांना जायला घर नाही आणि काम नाही. त्यांच्यासाठी १९५३ साली सेंट पॉल शहरात 'फेलोशिप क्लब' नावाचे मधल्या मुक्कामाचे घर उघडले गेले. दिवसा काम शोधायचे किंवा कामावर जायचे, संध्याकाळी घरी येऊन सर्वांबरोबर जेवायचे आणि बैठकीला बसायचे, असा तिथला क्रम. इथे प्रथम ही घडी नीट बसली. त्यानंतर अशी घरे ठिकठिकाणी निघाली.

आता एका फसलेल्या, नव्हे, बिघडलेल्या प्रयोगाची गोष्ट सांगितली पाहिजे. चांगल्याच्या इतिहासात वाईटही सांगावे, नाहीतर तो इतिहास न राहता कीर्तन होईल. १९५८ साली कॅलिफोर्नियात समुद्रकिनाऱ्यालगत चार्ल्स डेडरिक नावाच्या गृहस्थाने 'सिनॅनॉन' ही संस्था काढली. तो स्वतः दारूतून सुटलेला होता. हेरॉइनसारख्या भयंकर व्यसनात रुतलेली माणसे, ज्यांना इस्पितळेसुद्धा हात टेकीत, ती त्याच्याकडे राहून शुद्धीवर येऊ लागली. देशभर वाहवा झाली. त्यांची रीत मोठी कठोर होती. सगळ्यांनी गोल करून बसायचे आणि एकमेकांचे दोष तोंडावर, ओरडून, शिव्या देऊन सांगायचे. पुढे डेडरिकने असे धरले की, इथे आलेल्याने परत जगात जायचेच कारण नाही. इथेच जन्मभर राहायचे. इथे खरा घात झाला. मधला मुक्काम हाच शेवटचा मुक्काम झाला आणि घराचा मठ झाला. डोकी भादरली, संस्थेला धर्म म्हणून जाहीर केले, विरोधकांना मारहाण सुरू झाली. १९७८ साली या संस्थेविरुद्ध खटले लढवणाऱ्या एका वकिलाच्या टपालपेटीत विषारी साप ठेवण्यात आला. त्याला साप चावला, पण तो वाचला. १९८० साली डेडरिकने या कटाच्या आरोपाला न्यायालयात आव्हान दिले नाही, आणि १९९१ साली संस्था बंद झाली.

यावरून दोन गोष्टी शिकायच्या. एक, मधल्या घराचे दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असले पाहिजे. दोन, एका माणसाच्या हाती साऱ्यांच्या सुटकेची किल्ली दिली की ती किल्ली बेडीची होते. आज आपल्याकडेही व्यसन सोडवून देतो असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ज्या जागी माणसाला मारहाण होते, बांधून ठेवतात, घरच्यांना भेटू देत नाहीत, तिथून आपला माणूस आधी परत आणावा. ते उपचाराचे ठिकाण नव्हे.

आता ज्या प्रयोगासाठी ही सारी वाट चालत आलो तिथे येऊ. वॉशिंग्टन राजधानीला लागून मेरिलँड राज्यात सिल्व्हर स्प्रिंग नावाचे गाव आहे. १९७५ साली तिथे सरकारी खर्चाने चालणारे पुरुषांचे मधल्या मुक्कामाचे एक घर होते. तिथला नियम असा की, कोणालाही सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येणार नाही. मुदत भरली की बाहेर. बाहेर पडलेल्यांपैकी बहुतेक जण थोड्याच दिवसांत पुन्हा पिऊ लागलेले मागे राहिलेल्यांना दिसत होते. अशात पैशाच्या टंचाईमुळे सरकारने ते घर बंद करण्याचे ठरवले. आत राहणाऱ्या माणसांपुढे प्रश्न पडला : आता जायचे कुठे?

त्यांच्यात पॉल मॉलॉय नावाचा एक वकील होता. अमेरिकेच्या सिनेटमध्ये मोठ्या जागेवर काम केलेला, कायद्यांचे मसुदे तयार करणारा माणूस. पण दारूपायी नोकरी गेली, बायकामुले दुरावली आणि या घरात येऊन पडला. त्याने आणि सोबत्यांनी विचार केला की, सरकार घर चालवते म्हणजे काय करते? भाडे भरते, आचारी ठेवते, देखरेखीला माणसे ठेवते. आपण सगळे आता कामावर जातो. भाडे आपण वाटून भरू. स्वयंपाक पाळीने करू. आणि देखरेख? ती एकमेकांवर आपणच ठेवू. असे ठरवून त्यांनी ते घर स्वतःच भाड्याने घेतले. त्याला 'ऑक्सफर्ड हाउस' हे नाव दिले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या जन्माआधी तिच्या संस्थापकांवर ज्या ऑक्सफर्ड मंडळीचा प्रभाव होता, तिची ही आठवण. मुदतीचा नियम त्यांनी पहिल्याच झटक्याला काढून टाकला. जोवर माणूस पीत नाही आणि आपला वाटा भरतो, तोवर त्याने राहावे. निघावेसे वाटेल तेव्हा निघावे.

या घराचे कायदे तीन. कारभार घरातल्यांनी मतदानाने करायचा. खर्च घरातल्यांनीच भरायचा. आणि जो पुन्हा दारूला किंवा दुसऱ्या नशेला शिवेल त्याने तत्काळ घर सोडायचे. बस्स, एवढेच. यापलीकडे वॉर्डन नाही, मॅनेजर नाही, डॉक्टर नाही.

हे चालते कसे, ते जरा पाहू या. घरात सहापेक्षा कमी माणसे नसावीत, असा नेम. साधारण आठ-दहा असतात. पुरुषांचे घर वेगळे, बायकांचे वेगळे. घर कसे, तर चांगल्या वस्तीतले, चारचौघांसारखे. बहुधा एका खोलीत दोघे झोपतात, कारण एकांत हा या माणसांचा वैरी. आठवड्याला एकदा सगळ्यांनी बैठकीला बसायचे. एक जण अध्यक्ष, एक चिटणीस, एक खजिनदार, एक हिशेब तपासणारा आणि एक जण कामाच्या पाळ्या लावणारा. या जागा सहा महिन्यांपेक्षा जास्त एकाकडे ठेवायच्या नाहीत. सिनॅनॉनच्या सापाला हे उत्तम औषध आहे, पाहा! बैठकीत वही उघडून हिशेब वाचला जातो : भाडे किती, विजेचे बिल किती, कोणाची बाकी किती. नवा माणूस यायचा तर त्याने सगळ्यांसमोर बसायचे, प्रश्नांना उत्तरे द्यायची, आणि शेकडा ऐंशी मते पडली तरच त्याला जागा मिळायची.

आता मघाच्या कोड्याचे उत्तर मिळते. ब्रुकलिनच्या घरात सगळे काही होते, पण पाहुण्याला करण्याजोगे काही नव्हते. तो आश्रित होता. इथे कालपरवापर्यंत ज्याला घरात कोणी चार रुपये हाती देत नव्हते त्याच्या हातात घराची तिजोरी दिली जाते. ज्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नव्हते, त्याचे मत मोजले जाते. दारूने माणसाचे यकृत जाते हे आपण पुस्तकात शिकवतो. परंतु त्याआधी त्याची पत गेलेली असते. पत औषधाने परत येत नाही. रोजच्या लहान लहान जबाबदाऱ्या पार पाडूनच ती परत येते, आणि त्यासाठी जबाबदारी देणारे कोणीतरी असावे लागते.

कोणी म्हणेल, पुन्हा पिणाऱ्याला त्याच दिवशी बाहेर काढायचे हा निर्दयपणा नाही का? प्रश्न रास्त आहे. पण त्या घरात बाकीचे नऊ जण काठावर उभे असतात. एकाच्या खोलीत बाटली आली की नऊ जणांची रात्र धोक्यात येते. नियम कडक आहे तो या नऊ जणांसाठी. घसरलेला पुढे पुन्हा शुद्धीवर आला तर परत अर्ज करू शकतो.

सरकारने या घरांना मदत केली तीही शहाणपणाने. १९८८ साली अमेरिकेत अमली पदार्थांविरुद्ध जो कायदा झाला, त्यात राज्यांनी एक फिरता निधी ठेवावा असे कलम घातले. नवे घर सुरू करायला त्या निधीतून चार हजार डॉलरपर्यंत कर्ज मिळे आणि ते घरातल्यांनी दोन वर्षांत हप्त्याने फेडायचे. ही देणगी नव्हे, कर्ज! फिटलेल्या कर्जातून पुढचे घर उभे राहायचे. सहकारी सोसायटीचे सभासद असलेल्या आपल्या शेतकरी बंधूंना यातले मर्म चटकन कळेल. सिल्व्हर स्प्रिंगच्या एका घरापासून निघालेली ही वेल आज अमेरिकेत तीन हजारांवर घरांपर्यंत गेली आहे. पॉल मॉलॉय २०२२ साली वारले.

पण शेजारपाजारचे काय? श्रोतेहो, खरी लढाई इथेच झाली. दारूड्यांचे घर असावे हे सगळ्यांना मान्य असते. ते आपल्या गल्लीत असू नये एवढेच म्हणणे असते. वॉशिंग्टन राज्यात एडमंड्स नावाचे शहर आहे. तिथे १९९० साली एका चांगल्या वस्तीत ऑक्सफर्ड हाउस निघाले, दहा-बारा माणसांचे. शहराचा नियम असा होता की, एका कुटुंबासाठी राखलेल्या घरात रक्ताचे, लग्नाचे किंवा दत्तकाचे नाते असलेली कितीही माणसे राहू शकतात. परंतु नाते नसलेली पाचापेक्षा जास्त राहू शकत नाहीत. शहराने या नियमावर बोट ठेवून घरावर कारवाई केली. तंटा वाढत वाढत देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १५ मे १९९५ रोजी निकाल लागला, सहा न्यायाधीश एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला. व्यसनातून सावरणाऱ्या माणसाला अपंगाप्रमाणे संरक्षण देणारा, घर देताना भेदभाव करू नये असे सांगणारा कायदा तिथे आहे. शहराचे म्हणणे होते की, आमचा नियम घरातल्या गर्दीला आळा घालणारा आहे, म्हणून तो या कायद्यातून सुटतो. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी बहुमताचा निकाल लिहिला. त्यातला मुद्दा सरळ होता : नात्यातली वीस माणसे चालतात आणि बिननात्याची सहा चालत नाहीत, तेव्हा हा नियम गर्दीचा नव्हे, कुटुंब कोणाला म्हणावे याचा आहे. म्हणून शहराला ती सूट मिळाली नाही.

हे सगळे ठीक, पण फळ किती? शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातले प्राध्यापक लेनर्ड जेसन यांनी याची कसोटी घेतली. उपचार संपवून बाहेर पडणाऱ्या १५० जणांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. अर्ध्यांना ऑक्सफर्ड हाउसमध्ये जागा मिळाली, अर्धे नेहमीप्रमाणे घरी किंवा बाहेरच्या सल्लाकेंद्राकडे गेले. दोन वर्षांनी पाहिले. घरात राहिलेल्या गटात नशेकडे वळलेले शेकडा ३१ होते, दुसऱ्या गटात शेकडा ६५ च्या जवळपास. कमाई पहिल्या गटाची दुपटीहून अधिक होती. हा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. शेकडा ३१ घसरले, हेही विसरू नका. हे घर म्हणजे परीस नव्हे. पण उपचार तेच, माणसे तशीच, फरक केवळ पुढच्या मुक्कामाचा. आणि तेवढ्याने घसरणाऱ्यांचा आकडा निम्म्यावर आला. शेपूट वाकडेच राहते म्हणणाऱ्यांनी या आकड्यांपाशी थोडा वेळ थांबावे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. आपल्याकडे हा विचार अगदीच परका नाही. गाडगेबाबांनी, जे १९५६ साली निवर्तले, आपल्या कीर्तनातून दारूवर किती कोरडे ओढले हे जुनी माणसे सांगत आली. त्याच बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. दूरच्या वाटेला निघालेल्याला मध्ये टेकायला जागा लागते, हे बाबांना पुरते ठाऊक होते. वारकऱ्याच्या गळ्यातली माळही एका अर्थाने हेच काम करते. माळ घातली की माणूस एकटा राहत नाही. साऱ्या दिंडीचे डोळे त्याच्यावर असतात आणि दिंडीचा आधारही त्याला असतो.

अलीकडच्या काळात मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ साली 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. ते स्वतः दारूतून बाहेर आलेले. पुण्याला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' उघडले. त्या वेळी गर्द नावाच्या विषाने शहरातली पोरे पोखरली जात होती. अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी मदतीचा हात पुढे केला आणि त्यातून हे काम उभे राहिले. अनिताबाई १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली गेले. काम चालू आहे. तिथे उपचार घेऊन सावरलेली माणसेच पुढे तिथे कार्यकर्ते होतात आणि घरी गेलेल्यांचा पाठपुरावा ठेवला जातो. बाल्टिमोरच्या गुत्त्यातल्या सहा जणांनी जे हेरले तेच इथेही दिसते : बुडणाऱ्याला हात द्यायला बुडून वर आलेला माणूस अधिक कामाचा.

पण मधल्या मुक्कामाची घरे आपल्याकडे फारच थोडी आणि तीही बहुतेक शहरांत. आपण म्हणतो, आपल्याकडे कुटुंब आहे, वेगळे घर कशाला? खरे आहे; कुटुंब हे मोठे बळ आहे. परंतु ज्या बाईने दहा वर्षे मार खाल्ला, दागिने गहाण पडलेले पाहिले, तिनेच पुन्हा रात्रंदिवस पहारा करावा, ही अपेक्षा न्यायाची नाही. तिच्या खांद्यावरचे थोडे ओझे गावाने घ्यावे, एवढेच माझे मागणे आहे.

ते कसे? वेगळी इमारत बांधता आली तर उत्तमच. नाही आली तरी मधला मुक्काम गावात बसवता येतो. आधी एक इशारा : वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी तोडू नये. झटके येतात, वात होतो, जीवही जाऊ शकतो. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. तिथून परत आल्यावर मात्र गावाची पाळी. त्याला दया दाखवू नका, काम दाखवा. आसपासच्या दोन-चार गावांत मिळून दारू सोडलेली पाच-सात माणसे निघतीलच. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ एकत्र बसावे, शाळेची एक खोली त्यांना मिळावी. हळदीच्या रात्री, यात्रेत, निवडणुकीच्या दिवसांत कोणी एका घोटाचा आग्रह करील, त्याला जवळच्यांनी हटकावे. आणि भजनी मंडळाची पेटी असो की गणेशोत्सवाची वर्गणीची वही असो, कधीतरी विश्वासाने त्याच्या हाती द्या. चार डोळे लक्ष ठेवायला असू द्या, हरकत नाही. पण वही द्या.

शिक्षक बंधुभगिनींना एकच सांगणे. अशा घरचा मुलगा तुमच्या वर्गात असतोच. बाप पितो म्हणून त्याला इतर मुले हिणवतात हे तुम्हांला माहीत असते. बाप सुटून आला की त्याला एखाद्या दिवशी शाळेत बोलवा, झाडाला पाणी घालायचे असो की कुंपण दुरुस्त करायचे असो, मुलादेखत त्याला काम सांगा आणि मुलादेखत त्याचे आभार माना. लिंकनने जे स्प्रिंगफील्डला सांगितले, तेच इथे लागू आहे. न पडलेल्याने पडलेल्याकडे उंचावरून पाहू नये.

सव्वादोनशे वर्षांच्या या इतिहासाचे तात्पर्य दोन वाक्यांत येते. भिंतीने माणूस काही दिवस थांबतो. विश्वासाने तो टिकतो. आणि नुकत्या लावलेल्या रोपाकडे पाहून, ते पिवळे पडले म्हणून, कोणी शेत मोडून टाकीत नाही.